मिस्तरीचा कागद

महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला, तेव्हापासून आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडून मला फोन येतात. "भाऊ, सुतारकामाला तिकडे किती सुटतात?" पैशांचं नंतर. आधी कागदाचं ऐका.

आयटीआयचं सर्टिफिकेट आणि आठ वर्षांचा अनुभव घेऊन मी स्टुटगार्टजवळ आलो. परदेशातलं शिक्षण इथल्या शिक्षणाशी ताडून बघायचा कायदा इथं २०१२ पासून आहे. सुताराचा इथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा. कारागिरांच्या चेंबरनं माझे कागद बघून कळवलं: अंशतः समकक्ष. जिव्हारी लागलं. आबांच्या हाताखाली बाभळीच्या गाड्या केल्या, पाभरी केल्या, वखर केले, त्यातलं अक्षरही कुठे लिहिलेलं नव्हतं. आबा फोनवर म्हणाले, "कागद कसाले जोये त्यास्ले? हात दखाड ना!"

हात दाखवला, आणि तिथं मात्र लाज वाटली. जळगावात साइटवर चौरस फुटाच्या भावानं प्लायची कपाटं ठोकताना सांध्यात फट राहिली, तर आम्ही फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून भरायचो. वरून सनमायका, कोण बघतंय? भावच तसा मिळायचा म्हणा. इथल्या उस्तादानं माझा ड्रॉवर आत ढकलला आणि खालच्याकडे बघत उभा राहिला. बसणी नेमकी असेल तर कोंडलेल्या हवेनं दुसरा ड्रॉवर किंचित पुढे सरकतो. माझा हलला नाही. आबांनी केलेल्या देवघराचे खण असेच सरकायचे. मला वाटायचं, त्यात काही बिघाड आहे!

सुताराला इथं स्वतःचं वर्कशॉप काढायचं तर सहसा 'मायस्टर' म्हणजे उस्तादाची परीक्षा लागते. २००४ मध्ये सरकारनं त्रेपन्न धंद्यांची ही अट काढली. सुतारकाम त्यातून वाचलं, पण लाकडी फरशी बसवणारे सुटले. मग कोणीही उठून फरशी बसवू लागला. शेवटी २०२० मध्ये बारा धंद्यांना अट परत लावली, त्यात फरशीवालेही आले. माझ्यासारख्याला हीच अट दारात आडवी येते. नोकरी करता येते, पाटी लावायची तर मोठा वळसा. तरी ती असावी, असंच मला वाटतं. आपल्याकडे काल ड्रिल मशीन घेतलेला आज मिस्तरी होतो आणि आबांचा भाव पाडतो.

आबांनी आता केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेचा अर्ज भरायला घेतलाय. प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मिळतात. मागच्या आठवड्यात नोंदणीला गेले, तर मशीनवर अंगठा उमटेना. पन्नास वर्षं रंधा-पटाशी धरून रेषाच झिजल्यात. मशीनवरच्या पोरानं तेल लावून बघितलं, ओल्या फडक्यानं पुसून बघितलं. मग म्हणाला, "आप्पा, सोमवारी या, डोळ्यांचं मशीन येणार आहे."