साचा मोडायचा नाही, वळवायचा : आमची वाटचाल

भोसरीतलं आमचं युनिट वडिलांनी सुरू केलं ते बंगल्यांच्या कमानी, खांब, जाळ्या आणि देवळांच्या शिखरांच्या कामांसाठी. आधी पीओपी, मग फायबर, पुढे जीआरसी, म्हणजे सिमेंट, वाळू आणि सिमेंटमधल्या अल्कलीला दाद न देणारा काचतंतू. यात 12 मिलिमीटर जाडीचं पॅनेल चौरस मीटरला 25 किलोंच्या आसपास भरतं. तेवढ्याच मापाचा 30 मिलिमीटरचा ग्रॅनाइट 80 किलोंवर जातो. धंद्याचं गणित सोपं होतं : साचा महाग, माल स्वस्त. एका साच्यातून पन्नास जाळ्या निघाल्या की साच्याचे पैसे वसूल, पुढचं सगळं पदरात.

आर्किटेक्टच्या ऑफिसांत राइनो आणि ग्रासहॉपर ही हवी तशी वळणं आखून देणारी सॉफ्टवेअरं आली, प्रत्येक तुकड्याचा आकार वेगळा होऊ लागला आणि हे गणित कोलमडलं. सिडनीचं ऑपेरा हाउस 1973 मध्ये उघडलं. त्याच्या छताची सगळी टरफलं आर्किटेक्ट उट्झन यांनी एकाच गोलाचे तुकडे मानून आखली, म्हणून तेच ते साचे फिरवून वापरता आले. सोलच्या डोंगदेमुन डिझाइन प्लाझात (2014) तसली सोय नव्हती. तिथे अ‍ॅल्युमिनियमचे 45,133 पॅनेल लागले, त्यातले कितीतरी दुहेरी वळणाचे, म्हणजे आडवे आणि उभे दोन्ही दिशांनी वळलेले. कोरियन मंडळींनी खाली-वर होणाऱ्या पिनांवर पत्रा ताणून बसवायचं यंत्र केलं. प्रत्येक पॅनेलसाठी नवा साचा नाही, तोच साचा नव्या आकारात.

आमच्याकडे असं पहिलं काम आलं ते एका कॉलेजच्या प्रवेशद्वाराचं. साठ-सत्तर पॅनेल, एकही दुसऱ्यासारखं नाही. पुंगळीसारखं एकेरी वळण असतं तर प्लाय वाकवून भागलं असतं. दुहेरी वळणाला सपाट पत्रा किंवा प्लाय जुमानत नाही. नारळावर वर्तमानपत्र चापून बसवून पाहा, चुण्या पडणारच. म्हणून थर्माकोलचे ब्लॉक सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्रावर, कोरून घेतले, वर रेझिन, लांबी (पुट्टी), घासकाम. एक पॅनेल काढलं की साचा बाद. तो थर्माकोल भंगारवालासुद्धा घेत नाही. काम वेळेत दिलं, नाव झालं, पण हातात जे उरलं ते सांगण्यासारखं नव्हतं.

पिनांचा साचा परदेशातून आणणं झेपणारं नव्हतं. चाकणला ऑटोमेशनची कामं करणारा एक मित्र आहे, त्याला बसवलं. तो म्हणाला, “दादा, हे तर नुसते जॅक आहेत, संगणकाला जोडलेले.” नुसते जॅक नव्हते, हे त्यालाही लवकरच कळलं. आटेदार रॉड, प्रत्येकाला छोटी मोटर, वर सिलिकॉनची जाड चादर. पहिल्या पॅनेलवर सकाळचं तिरपं ऊन पडलं आणि प्रत्येक पिनेचा टेंगूळ दिसला. मग पिना आणि चादरीच्या मध्ये फायबरच्या लवचिक काड्यांची जाळी घातली, तेव्हा वळण सलग झालं.

खरी मेख मात्र मोटरमध्ये नाही, सिमेंटमध्ये आहे. पद्धत अशी : गादी, म्हणजे पिनांवरची ती चादर, सपाट ठेवून आधी बारीक मालाचा दोन-तीन मिलिमीटरचा थर, त्यावर काचतंतूसह फवारणी, रोलरने दाबणं. माल थोडा आवळला की पिना उचलायच्या. घाई केली तर माल उतारावरून खाली सरकतो आणि वरची कड पातळ होते. उशीर झाला तर पाठीवर केसासारख्या भेगा. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठात या उशीर-घाईवरच बरंच संशोधन झालं आहे. आमच्याकडे हे काम पेणहून आलेले काका करतात. त्यांची हयात गणपतीच्या साच्यांत गेली. कडेला अंगठा दाबतात, ठसा कसा राहतो ते बघतात आणि म्हणतात, “उचला.” मे महिन्यात ती वेळ लवकर येते, डिसेंबरात वाट पाहावी लागते. थर्मामीटर लावलाय, नोंदी ठेवतो, पण काकांच्या आधी बटण कुणी दाबत नाही.

प्रत्येक वळणाला हे यंत्र चालतं असंही नाही. फार तीव्र वळणात चादर गोळा होते, धारदार कोपरे तर जमतच नाहीत. तिथे अजून थर्माकोलच. आणि ज्या कामात पाच-सहा आकार पुन्हा पुन्हा येतात तिथे जुना फायबरचा साचा आजही स्वस्त पडतो. गिऱ्हाइकाला मी हे तोंडावर सांगतो. नवीन यंत्र घेतलंय म्हणून सगळं त्यावरच काढायचं, हा हट्ट परवडत नाही.

आता निम्मा वेळ ड्रॉइंगवर जातो. पॅनेलचे सांधे कुठे पडणार हे ठरण्याआधी आर्किटेक्टने फाइल पाठवली, तर बरीच वळणं थोडी सैल करून यंत्रावर बसवता येतात. सांधे ठरल्यावर फाइल आली की दर वाढतो. सध्या शेडमध्ये दुसरी गादी उभी राहतेय, पहिलीपेक्षा लांब, पिना जास्त दाट. तिच्यासाठी काकांच्या हाताखाली दोन पोरं घेतली आहेत. एकजण आयटीआय झालेला, दुसरा त्यांच्याच गावचा.