बोजारा

तान्ह्या पोळ्याआधी मी बँकेतून दहाच्या नोटांचं एक बंडल आणते. कोऱ्या मिळाल्या तर कोऱ्या, नाहीतर मळक्या. संध्याकाळी आमच्या ले-आउटमधली झाडून सारी पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात. फाटक वाजतं, मागोमाग आरोळी येते, "मावशी, बोजारा!"

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. मोठा पोळा खऱ्या बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. बैल लाकडाचा, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, पायांखाली चाकं. बैल घेऊन आलेल्या पोराच्या हातावर जे ठेवायचं, तो बोजारा. त्याच दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे भलामोठा पुतळा, मिरवत निघते. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत शहर आपली वर्षाची कटकट गावाबाहेर नेऊन जाळतं, आणि मग संध्याकाळ पोरांच्या ताब्यात जाते.

मला मूलबाळ नाही, लग्नच केलं नाही. त्यामुळे या व्यवहारात माझ्याकडे फक्त नावे, जमा कोरी. शेजारच्या काकूंच्या घरून तीन नातवंडांचे तीन बैल निघतात. त्या देतात तेवढं संध्याकाळपर्यंत घरात परत येतं, वर चार चॉकलेटं. माझ्या फाटकातून आजवर एकही बैल बाहेर पडलेला नाही.

हे मला सुचतं, कारण मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात हिशेब बघते. वर्षानुवर्षं जानेवारी महिना म्हणजे माझ्या टेबलावर, आयकराच्या हिशेबासाठी, प्राध्यापकांच्या पोरांच्या फीच्या पावत्यांचा ढीग. जुन्या करपद्धतीत कलम ८०सी खाली दोन मुलांपर्यंतची शिकवणी फी उत्पन्नातून वजा व्हायची, पण फक्त शिकवणी फी. विकास निधी नाही, बसचे पैसे नाहीत, देणगी तर नाहीच. पावतीवर मात्र शाळा सगळं एकाच ओळीत कोंबते. मग प्राध्यापक मंडळी माझ्यासमोर वाकून उभी. "ताई, हे पण धरा ना जी." "नाही धरता येत सर." "तुम्हाला काय कळणार, एकट्या आहात. पगार अख्खा तुमचा."

हे 'पगार अख्खा तुमचा' मी सत्तावीस वर्षं ऐकते आहे. पहिली दहा वर्षं राग यायचा.

खरं म्हणजे सरकारही एके काळी अगदी असंच बोलायचं. १९५५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी लग्न झालेल्याला दोन हजारांपर्यंत कर माफ केला आणि बिनलग्नाच्याला हजारापर्यंतच. देशमुख आपले रायगडचे, पण सनदी नोकरीची उमेदीची वर्षं मध्य प्रांत-वऱ्हाडात गेली, म्हणजे राजधानी नागपूर. इथल्या कुठल्या तरी कचेरीत एखाद्या अविवाहित कारकुनाकडे बघून 'याला कशाला एवढे पैसे लागतात' असं त्यांना वाटलं असेल का, हा माझा आवडता फावल्या वेळचा संशय. पुढे दोन-तीन वर्षांत तर पोरं मोजायलाच सुरुवात झाली. मूल नसलेल्या जोडप्याला तीन हजार, एक मूल असेल तर तीन हजार तीनशे, दोन असतील तर तीन हजार सहाशे. तिसऱ्याला काही नाही, कारण तोवर कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रमही सुरू झालेला होता. फ्रान्सचं उलटं. तिकडे १९४५ पासून घरातली डोकी मोजून कर लावतात. पहिली दोन मुलं प्रत्येकी अर्धं डोकं, तिसरं अख्खं!

आता नव्या करपद्धतीत पावत्याच लागत नाहीत. पगारदाराला प्रमाणित वजावट, बारा लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर नाही, आणि घरात पोरं किती हे कोणी विचारत नाही. जानेवारीत माझं टेबल रिकामं असतं. तेच सर आता चहाला बसतात तेव्हा म्हणतात, "ताई, तुम्ही आणि मी सारखेच झालो की हो." त्यांना दोन पोरं, एक कोट्याला. मला एक मांजर.

सारखे झालो का आम्ही? मला नाही वाटत. मी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागले, म्हणजे मला जुनी पेन्शन आहे. ती कुठल्या पेटीत साठवून ठेवलेली नाही. मी निवृत्त होईन तेव्हा नोकरीत असलेल्यांच्या करातून ती येणार, म्हणजे आज बैल ओढणाऱ्या पोरांच्या करातून. उद्या माझा गुडघा बदलणारा डॉक्टर, भर मे महिन्यात उडालेली लाईन जोडणारा वायरमन, सगळे कोणाच्या तरी घरात रात्री दोनला रडून मोठे झालेले. ती झोप दुसऱ्या कोणाची मोडली. तेव्हा पोरं असलेल्या घराला सरकारनं झुकतं माप द्यावं आणि त्यात माझेही चार पैसे जावेत, याबद्दल आता माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती माप कोणाकडे झुकतं याची. त्या पावत्यांचंच बघा. दीड लाखाची वजावट पूर्ण वापरली तर तीस टक्केवाल्याचे पंचेचाळीस हजार वाचायचे, वीस टक्केवाल्याचे तीस हजार. माझ्याकडे धुणीभांडी करणारी ताई कर भरण्याइतकं कमवतच नाही, म्हणजे तिला शून्य. तरी ती कर भरत होतीच. पोराच्या पाच रुपयांच्या बिस्किट पुड्यावर अठरा टक्के, वही-पेन्सिलीवर बारा. सप्टेंबर २०२५ पासून बिस्किट पाचवर आलं आणि वही-पेन्सिल शून्यावर, ते बरं झालं. तिच्या धाकटीला सरकारच्या 'लेक लाडकी' योजनेचे जन्मानंतरचे पाच हजार मिळाले. पहिलीत सहा, सहावीत सात, अकरावीत आठ आणि अठराव्या वर्षी पंच्याहत्तर, मिळून एक लाख एक हजार. अठरा वर्षांत एक लाख एक हजार! आमच्या सरांचे तेवढे तीन वर्षांच्या आत वाचत होते.

हे सगळं मी मोठ्या तावातावानं लोकांना सांगत असते. यंदाच्या तान्ह्या पोळ्यापासून जरा कमी सांगते.

त्या संध्याकाळी पोरं भराभर येऊन गेली. हल्ली पोरं कमी झालीत आणि बैल मोठे. पूर्वी एका घरातून चार हातभर बैल निघायचे, आता एकच निघतो आणि तो माझ्या कमरेएवढा असतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या मुलाचा बैल ढकलायला त्याचे बाबा आणि ड्रायव्हर. शिंगांवर लाइटिंग, मागे मोबाइलवर शूटिंग. पोरानं झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली, "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!" मी टाळ्या वाजवल्या. नंतर उशिरा आमच्या ताईचा मुलगा आला. बैल वीतभर, एक चाक नाही, तिथे बाटलीचं झाकण ठोकलेलं. तो झडती न म्हणताच हात पुढे करून उभा राहिला.

रात्री सवयीनं हिशेब केला. पोरं पंचेचाळीस दहावाली, आणि डॉक्टरांचा एक. दहाच्या उरलेल्या नोटा बरोबर पंचावन्न. पण पर्समधली पन्नासची नोट कुठे गेली ते आठवेना. मग आठवलं. लायटिंगचा बैल दारात, समोर आईबाबा, मोबाइल सुरू. दहा देणं बरं दिसलं नसतं. हात आपोआप पर्सकडे गेला होता.

सकाळी ताई भांड्यांना आली तेव्हा तिच्या हातावर चाळीस रुपये ठेवले.

"काहून जी? काल दिला ना त्याला बोजारा."

"हिशेब चुकला होता."

तिनं नोटा कमरेला खोचल्या, नळ सोडला आणि पाठमोरीच म्हणाली, "मंग बाकीच्या पोरायचा नाही चुकला का?"

चव्वेचाळीस पोरं, प्रत्येकी चाळीस. सतराशे साठ. पुढच्या वर्षी मी विसाचं बंडल आणणार आहे आणि पर्स आत कपाटात ठेवून दारात उभी राहणार आहे.