पाण्यातला वाटा

कोजागरीनंतरचा रविवार

आज ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. फळ्यावर पावसाचा आकडा, गावाचं क्षेत्र, किती वाहून गेलं, किती उडून गेलं, किती मुरलं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं, हे गणित आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पुरंदरच्या या पूर्वेकडच्या पट्ट्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरेल त्यात रब्बी बसवायची. इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग उसाचा विषय निघाला आणि सभा तापली.

"माझी विहीर, माझी मोटर, वीजबिल मी भरतो. मी काय लावायचं ते गावानं का सांगायचं?" तात्यांनी विचारलं. त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. कर्ज काढून खोदलेल्या विहिरीत माणसाचा जीव अडकलेला असतो. पण उसाला २,००० मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं. आभाळातून येतं त्याच्या चौपट! ते जादाचं पाणी कुणाच्या तरी रानाखालूनच ओढलेलं असतं.

आमच्या विहिरीत हे डोळ्यांनी दिसतं. मुरूम संपून काळा पाषाण सुरू होतो तिथे एका भेगेतून करंगळीएवढी धार येते. वरच्या अंगाची बोअर सुरू झाली की धार बारीक होत जाते, मग दगडावर नुसती ओल उरते. बोअर बंद झाली की बऱ्याच वेळानं धार परत धरते. हा काळा पाषाण, म्हणजे आपला बेसाल्ट, पाणी पोटात फारसं धरतच नाही. मुरमात आणि भेगांत असेल तेवढंच, आणि भेग काही बांधापाशी संपत नाही. २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली आहे. तरी बोअरच्या गाड्या रात्री-बेरात्री येतात, आणि गावात कुणी अडवत नाही, कारण उद्या आपल्यालाही बोलवायची असते.

निसर्गाशी जुळवून राहायचं म्हटलं की आपण झाडं लावतो. झाडं लावावीतच, मीही लावते. पण जमिनीखालचं पाणी ज्याच्या हातात पैसा त्याचं, ही रीत तशीच ठेवून वर कितीही झाडं लावली तरी काय होणार? माणसांमधली वाटणी बदलल्याशिवाय माती-पाण्याशी असलेलं आपलं नातं बदलणार नाही, असं मला दिवसेंदिवस पक्कं वाटत चाललंय.

यासाठी लांब जायला नको. आमच्याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी हे करून दाखवलं होतं. पुण्यात कारखाना चालवणारा हा इंजिनिअर १९७२ च्या दुष्काळात इकडे आला, देवस्थानची पडीक जमीन खंडानं घेतली, बांधबंदिस्ती केली, पाणी मुरवलं. एवढं इतरांनीही केलं असेल. पुढचं मात्र त्यांचंच. त्यांच्या पाणी पंचायतीत, म्हणजे लोकांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या व्यवस्थेत, पाण्याचा हक्क जमिनीला चिकटवला नाही, माणसाला दिला. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. रान पन्नास एकर असो की पाच, फरक नाही. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नाही. ऊस नाही. योजनेचा २० टक्के खर्च लोकांनी उचलायचा. आणि भूमिहीनालाही वाटा. हे शेवटचं कलम मी आजही वाचते तेव्हा थांबते. ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याला पाणी! केवढा मोठा विचार आहे हा.

हिवरे बाजारनंही शेतीसाठी बोअर बंद केल्या, ऊस-केळी बंद केली, आणि पावसाच्या मापावर पीक ठरवायची सवय लावली. ते आम्ही सगळे अभिमानानं सांगतो. भूमिहीनाच्या वाट्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आज सभेत मागे बसलेल्या मावशी पहिल्यांदा बोलल्या. त्या आमच्याकडे वाटाण्याला, कांद्याला खुरपायला येतात. म्हणाल्या, "पाझर तलावाचा गाळ काढायला आम्ही होतो, चर खणायला आम्ही होतो. पाणी मुरलं ते तुमच्या विहिरीत. आम्ही टँकरच्याच रांगेत." कुणाला उत्तर सुचलं नाही. सरपंचांनी "विचार करू" म्हणून विषय पुढे नेला. मला ते फार लागलं. ज्यांना काही मिळत नाही त्यांनी पाणी राखावं, चराई थांबवावी, फांदी तोडू नये, असं आपण कोणत्या तोंडानं सांगतो?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत बोलत राहतात. वेळ लागतो, पण ठरलेलं मोडायला मागे कुणी हरलेला उरत नाही. आज आम्ही हात वर करून ठराव केला असता तर उसाच्या विरोधात सहज जिंकलो असतो, आणि महिन्याभरात चोरून लागणी झाल्या असत्या. म्हणून मतदान नको, असं मी म्हणाले. सरपंचांनी ऐकलं, बरं झालं.

पुढची सभा दिवाळीनंतर. तोवर भूमिहीन घरांची यादी करायची आहे. तलावाखाली ग्रामपंचायतीची विहीर आहे, तिच्या कडेला गावठाणाची थोडी जागा पडून आहे. तिथे या घरांना भाजीपाल्यापुरतं पाणी बांधून देता येईल का, हे फळ्यावरच्या हिशेबात बसवून बघायचंय. पिण्याच्या खालोखाल, उसाच्या कितीतरी आधी. तात्यांकडे सभेच्या आधी जायला हवं, मावशींना बरोबर घेऊन. त्यांचा विरोध असेल तर तो घरात बसून ऐकावा. पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा पाटकरी कोण होणार, त्याचा पगार कुणी द्यायचा, हेही तात्यांनाच विचारते. वाटपातलं त्यांच्याइतकं गावात कुणाला कळत नाही.