पावसाळ्यानंतर जीपच्या पुढच्या शॅकलला ग्रीस मारताना: माझा अनुभव

शहाद्याजवळच्या आमच्या पपईच्या शेतात जायचं तर पावसाळ्यात गोमाईचं पाणी ओलांडावं लागतं. यंदा चार महिने आमच्या जुन्या महिंद्रा जीपने ते काम केलं. पाणी कधी हबपर्यंत, कधी त्याच्याही वर. स्प्रिंगच्या पाट्यांमधला काळ्या मातीचा चिखल वाळून विटेसारखा झाला होता. भाद्रपद सरता सरता पुढून करकर ऐकू येऊ लागली, स्टिअरिंग जड झालं. एका गॅरेजमध्ये शॅकल (पाट्यांचं टोक चॅसिसला जोडणारा हलता दुवा), बुश (त्याच्या सांध्यातली नळी), टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा) सगळंच बदलायला सांगितलं. मी म्हटलं, आधी ग्रीस तर मारून बघू.

शेजारच्या आप्पांनी कित्येक वर्षं काळी-पिवळी चालवली. मी ग्रीसची गन थेट निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या बारीक तोंडावर, चढवतोय हे बघून ते ओट्यावरूनच ओरडले, "आधी पुस, मंग मार!" निपलवरची माती दाबाने सरळ जॉइंटमध्ये जाते आणि पॉलिश पेपरसारखी धातू घासते. मग डिझेल, तारेचा ब्रश आणि जुनं धोतर घेऊन तासभर नुसती सफाई केली. दोन निपल बुजलेले निघाले. एकाची आतली गोळी डिझेलमध्ये भिजवल्यावर मोकळी झाली, दुसऱ्याचा नमुना दुकानात नेऊन, आटे जुळवून नवा आणला. लिथियमचं एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा नंबर) ग्रीस घेतलं. वेगळ्या जातीचं ग्रीस जुन्यात मिसळलं तर दोन्ही पातळ होऊन वाहून जाऊ शकतात, म्हणून जुनं होईल तेवढं बाहेर काढायचं होतं.

टायरॉड एंडला गन लावली आणि मुलाला स्टिअरिंग हळूहळू दोन्हीकडे फिरवायला सांगितलं. आधी चहाच्या रंगाचं, दुधाळ ग्रीस आलं. म्हणजे पाणी आत शिरलंच होतं. स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारत राहिलो. रबरी बूट (सांध्यावरचं टोपण) असलेल्या एंडला मात्र बूट किंचित फुगला की थांबायचं. हाताच्या गनचा दाबही काही हजार पीएसआयपर्यंत जातो, बूट सहज फाटतो.

खरी परीक्षा शॅकलची. उजव्या शॅकलमध्ये ग्रीस जाईना. गन कडक व्हायची आणि निपलभोवतीच ग्रीस सांडायचं. मी आणखी जोर लावू लागलो तसं आप्पांनी हात धरला. गाडी चाकांवर उभी असताना सगळं वजन शॅकलवर येतं, एका बाजूला फट उरत नाही, आणि घर्षण होतं ते नेमकं त्याच बाजूला. तिथं ग्रीस पोचणार कसं? मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, जॅक एक्सलखाली न घेता चॅसिसखाली घेतला, पुढची चाकं लोंबकळू दिली. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाणं मला मान्य नाही, म्हणून चॅसिसखाली स्टँडही लावले. आता चौथ्या-पाचव्या दट्ट्याला दोन्ही टोकांनी तांबूस, गंजाळ ग्रीस बाहेर आलं. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी वजन न काढता ग्रीस मारत होतो, म्हणजे जिथं हवं तिथं ते पोचतच नव्हतं.

ज्यांच्या गाडीला रबरी सायलेंट बुश आहेत त्यांनी तिथं ग्रीस लावू नये, रबर फुगून खराब होतं.

करकर थांबली, स्टिअरिंग हलकं झालं. डावा टायरॉड एंड तेवढा बदलावा लागला. मुलाने स्टिअरिंग हलवलं की बोटांना खटखट लागायची. झीज ग्रीसने भरत नाही. बाकी कशालाच हात लावावा लागला नाही. दिवाळीत तोरणमाळचा घाट चढून आल्यावर खाली वाकून पाहिलं: शॅकलच्या टोकांना ग्रीसची कड तशीच होती, धूळ तिच्यावरच अडकली होती.