आज दिवसभर सिनिक
आज काम करताना दिवसभर कानात सिनिकच. १९८७ साली मायामीत सुरू झालेला मेटल बँड. पहिल्या अल्बमच्या तोंडावर, ऑगस्ट १९९२मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ आलं आणि सरावाची जागाच गेली. तो अल्बम, 'फोकस', निघाला १९९३ला. एकीकडे डेथ मेटलची, म्हणजे अतिशय जड, आक्रमक रॉकची गुरगुर, दुसरीकडे व्होकोडर या आवाज बदलणाऱ्या उपकरणातून येणारा पॉल मास्व्हिडलचा यंत्रासारखा आवाज, खाली शॉन मलोनचा फ्रेटलेस (पट्ट्या नसलेला) बास गिटार आणि शॉन राइनर्टचे जॅझच्या अंगाने जाणारे ड्रम्स! आजही ऐकताना अंगावर काटा येतो. वर्षभरातच बँड फुटला. दुसरा अल्बम थेट २००८ला. २०२०मध्ये राइनर्ट वारला, त्याच डिसेंबरात मलोनही. मास्व्हिडलने तरीही २०२१ला 'असेन्शन कोड्स' काढला. तो अजून नीट ऐकवत नाही मला.