ट्रान्सप्लांटनंतरच्या गोळ्या

दादाच्या स्टेम सेल्स माझ्यात रुजल्या, बोन मॅरोचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि कोथरूडच्या आमच्या घरी पहिल्यांदा गोडधोड झालं. पुढच्याच ओपीडीत डॉक्टर म्हणाले, "आता सोराफेनिब सुरू करू. साधारण दोन वर्षं घ्यायचं." आजार गेलाय तर पुन्हा कॅन्सरचं औषध कशाला, हे मी तिथल्या तिथे विचारलं.

त्यांनी निदानाच्या वेळचा रिपोर्ट काढला. एएमएल, म्हणजे वेगाने वाढणारा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर), आणि त्यात एफएलटी-३ आयटीडी हे म्युटेशन, म्हणजे एफएलटी-३ या जनुकातला बिघाड. ते असलं की ट्रान्सप्लांटनंतरही आजार उलटण्याचा धोका जास्त, आणि हा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत मोठा. रिपोर्ट स्वच्छ म्हणजे तपासणीत सापडतील इतक्या पेशी नाहीत. एकही उरली नाही, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. सोराफेनिब त्या बिघडलेल्या एफएलटी-३ ला अडवतं. शिवाय उरल्यासुरल्या ल्युकेमियाच्या पेशींना ते इंटरल्युकिन-१५ हे प्रथिन जास्त बनवायला लावतं आणि त्याने दात्याच्या टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, जोर येतो. म्हणजे लढणार दादाच्याच पेशी! दादा हे भेटेल त्याला सांगत सुटला.

मला मात्र आकडे हवे होते. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या सोरमेन चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. ८३ रुग्ण होते. दोन वर्षांनंतर आजार न उलटता जगण्याचं प्रमाण सोराफेनिबवाल्यांत ८५ टक्के, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ५३ टक्के. माझा निर्णय तिथेच झाला.

या औषधाची किंमत आवाक्यात येण्यामागे एक लढा आहे. मूळ कंपनीचं महिन्याचं औषध सुमारे २ लाख ८० हजारांना पडायचं. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची मुभा, हैदराबादच्या नॅटको या औषध कंपनीला दिला, तो याच औषधासाठी. महिन्याच्या १२० गोळ्यांना कमाल ८,८०० रुपये, असं तेव्हा ठरलं. तो निकाल लागला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते. विमा कंपनीने मात्र आधी नकार दिला, कारण वेष्टनातल्या माहितीपत्रकात यकृत, किडनी, थायरॉइडचे कॅन्सर आहेत, ल्युकेमिया नाही. डॉक्टरांचं पत्र आणि चाचणीचा शोधनिबंध जोडल्यावर मंजुरी मिळाली.

खरा त्रास हातापायांचा. तळवे लालबुंद झाले, चालताना तापल्या फरशीवर अनवाणी उभं राहिल्यासारखं वाटायचं. टेकडीवर फिरायला जाणं बंद, गरम पाण्यात हात घालणं बंद. युरियाचं क्रीम, सुती मोजे, मऊ चपला. तरी सालं निघायला लागली तेव्हा डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवली आणि कमी डोसवर पुन्हा सुरू केली. अंगावर पुरळ आलं की ते गोळीचं की जीव्हीएचडीचं (दात्याच्या पेशी आपल्याच शरीरावर हल्ला करतात, तो त्रास), हे घरी ठरवता येत नाही. मी फोटो काढून लगेच पाठवायचे. बीपी चढतं म्हणून घरी मशीन घेतलं. गोळी रिकाम्या पोटी, खाण्याआधी तासभर किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी. त्यामुळे सकाळचे पोहे उशिरा.

सासूबाईंनी मायेने गुळवेलीचा काढा केला होता. "आई, हा नको," म्हणताना जिवावर आलं. पण गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतच झाल्या आहेत, आणि माझं यकृत आधीच या गोळ्या, प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस आणि बुरशीविरोधी औषध सांभाळत होतं. डॉक्टरांनी स्वतः समजावलं, तेव्हा त्या लगेच ऐकल्या.

घरात कुणाचं एएमएलसाठी ट्रान्सप्लांट ठरत असेल, तर म्युटेशनचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. एफएलटी-३ चं म्युटेशन नसेल तर ही गोळी तुमच्यासाठी नसेल. असेल तर ॲडमिट होण्याआधीच विचारा: नंतर कोणती गोळी, कधीपासून, आणि काय बघून थांबवायची?