लॅपटॉप छान, पण अपडेटला जागा कुठाय?

३६० अंशांत वळणारा, ११.६ इंची टचस्क्रीनचा छोटा लॅपटॉप घेतला. मशीन मला आवडलंय, हे आधीच सांगते, कारण पुढे तक्रारच जास्त आहे. आत पंखा नाही, त्यामुळे आवाजाचं नाव नाही. बिजागरी घट्ट आहे, बोटाने स्क्रोल करताना पडदा डुगडुगत नाही. पूर्ण उलटा करून उभा धरला की पीडीएफचं अख्खं पान समोर येतं. मागे गेलेला कीबोर्ड आपोआप बंद होतो. धरताना बोटं कीबोर्डच्या बटणांवर पडतात, ते सुरुवातीला विचित्र वाटतं, पण काही टाइप होत नाही. वजन मात्र किलोच्या वर आहे. टॅबलेटसारखा एका हातात धरून वाचायचं म्हटलं तर मनगट भरून येतं, मांडीवर टेकवायचाच.

वायफाय, खातं, मराठी फोनेटिक कीबोर्ड हे सगळं पटापट झालं. मग विंडोज ११चं मोठं अपडेट आलं आणि गाडी तिथेच अडली.

डाउनलोड व्हायचं, टक्के चढायचे, मशीन रीस्टार्ट व्हायचं आणि बऱ्याच वेळाने बदल मागे घेतोय असा संदेश यायचा. पुन्हा तेच. शेवटी ०एक्स८००७००७० हा एरर कोड दिसला. याचा अर्थ डिस्कवर जागा नाही. मी तोवर त्यावर एक फोटोसुद्धा ठेवला नव्हता!

स्टोरेज ६४ जीबी आहे, तेही ईएमएमसी, म्हणजे मदरबोर्डवर झाळलेलं; काढून मोठं बसवता येत नाही. विंडोज ते मोजतं तेव्हा साधारण ५९ जीबीच भरतात. त्यातून रिकव्हरीचं पार्टिशन, खुद्द विंडोज आणि अपडेटसाठी राखून ठेवलेली ७ जीबीच्या आसपास जागा वजा करा. वर असं मोठं अपडेट जुनं विंडोज लगेच पुसत नाही. परत जाता यावं म्हणून दहा दिवस ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये ठेवतं. म्हणजे काही काळ दोन-दोन विंडोज एकाच डिस्कवर. विंडोज ११ची किमान अटच ६४ जीबी आहे. कंपनीने नेमकी तीच किमान रेघ गाठली आणि खोक्यावर ‘टच’ आणि ‘३६०’ ठळक छापून हा आकडा बारीक अक्षरांत टाकला. मला याचाच राग आहे.

हेल्पलाइनवर फोन केला तर उत्तर एकच: फॅक्टरी रीसेट करा. अहो, डिस्क मुळात नवीकोरीच आहे, रीसेट करून जागा कुठून येणार? हे समजावून सांगितलं, तरी पलीकडून पुन्हा रीसेटच.

काम झालं ते पेनड्राइव्हने. विंडोज अपडेटच्या पानावर जागा कमी असल्याची सूचना येते, तिथे ‘फिक्स इश्यूज’ दाबलं की बाहेरची ड्राइव्ह निवडता येते. तिच्यावर निदान १० जीबी मोकळी हवी. मी रिकामी ३२ जीबीची लावली. तुम्हीही रिकामीच घ्या. चार्जर लावून ठेवा आणि अपडेट पूर्ण होईपर्यंत पेनड्राइव्हला हात लावू नका. या वेळी टक्के शंभरावर पोचले आणि लॉगिनचा पडदा आला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

नंतर दोन-तीन दिवस मशीन नीट चालतंय असं बघून सेटिंग्जमधल्या ‘टेम्पररी फाइल्स’मधून जुनं विंडोज काढून टाकलं, बरेच जीबी सुटले. त्यानंतर मात्र मागच्या आवृत्तीवर जाता येत नाही. वनड्राइव्हच्या फाइल्स फक्त ऑनलाइन ठेवा. मायक्रोएसडीचा खाचा असेल तर कार्ड टाकून कागदपत्रं आणि फोटो तिथे सेव्ह होतील असं सेट करा. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायचं काम.

घ्यायच्या आधीच विचारा: ६४ऐवजी १२८ जीबीचं मॉडेल आहे का? आत एम.२ची, म्हणजे नंतर वेगळी एसएसडी डिस्क बसवायची, रिकामी जागा आहे का? काही मशीनमध्ये असते. आणि विंडोज ‘एस मोड’मध्ये येत असेल तर फक्त स्टोअरमधलीच अ‍ॅप्स चालतात. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण परत आत जाता येत नाही.

‘रोटेशन लॉक’ (पडदा आपोआप फिरणं थांबवायचं बटण) करडं दिसलं तर सेन्सर बिघडला म्हणून घाबरू नका. लॅपटॉप सरळ उघडा असताना ते तसंच असतं, उलटा वळवला की चालू होतं.

पेनने लिहायचं असेल तर स्क्रीन एमपीपी, एईएस की यूएसआय यांपैकी कोणत्या पद्धतीचं पेन घेते ते नीट बघा. एका पद्धतीचं पेन दुसऱ्या पद्धतीच्या स्क्रीनवर चालेलच असं नाही, आणि काही टचस्क्रीन फक्त बोटाच्याच असतात.